निवडा, घोटा, धुवा: घरच्या घरी गारगोट्या चमकवायला शिकताना

नांगरलेल्या काळ्या रानात पहिला मोठा पाऊस पडून गेला, की ढेकळांमधून पांढरट, मधाळ, कधी तांबूस दगड धुऊन वर येतात. आम्ही लहानपणी त्यांना सरसकट गारगोट्या म्हणायचो. अंधाऱ्या खोलीत दोन गारगोट्या एकमेकींवर घासून त्यांच्या पोटात उजेड पाडायचा, हा सुट्टीतला खेळ असायचा. त्याहून जास्त मला भूल पडायची ती ओल्या गारगोटीची. ओढ्यातून काढली तेव्हा तिच्यात पट्टे दिसायचे, मध्ये धुक्यासारखं काहीतरी दिसायचं. घरी येईपर्यंत ती वाळायची आणि खिशातून निघायचा एक साधा राखाडी खडा.

असं का होतं याचं उत्तर सोपं आहे. दगडाचा पृष्ठभाग डोळ्यांना दिसत नाही इतका खरबरीत असतो आणि त्यावर पडलेला उजेड वाटेल तसा विखुरतो. पाणी त्या खाचा भरून काढतं, उजेड सरळ आत जातो आणि आतला रंग दिसतो. दगड घोटून घोटून त्या खाचाच नाहीशा केल्या, तर तो ओला रंग कोरड्या दगडावर कायमचा राहतो. दगड टंबल करण्याच्या छंदात एवढंच करायचं असतं. दगड, पाणी आणि कठीण पूड एका बंद डब्यात घालायची, डबा आडवा ठेवून मोटरवर सावकाश फिरवायचा, दर आठवड्याला पूड अधिकाधिक बारीक करत न्यायची. साधारण महिनाभराने दगड बाहेर येतात ते काचेसारखे.

नदी हेच काम फुकट करते, फक्त तिला घाई नसते. नर्मदेतला गोटा आपल्या म्हणींत आला तो याच घोटण्यामुळे. माणसानेही ही विद्या फार पूर्वी उचलली. गुजरातमधल्या खंबायतला अकीकाचे मणी चमकवायला ते चामड्याच्या पिशवीत पाणी आणि कुरुंदाच्या पुडीसकट भरत, आणि दोन माणसं समोरासमोर बसून ती पिशवी दिवसच्या दिवस इकडून तिकडे लोटत. आज तिथेही मोटरवर फिरणारे पिंप आहेत. आपल्या टेबलावर बसणारं दोन-तीन किलोचं यंत्र म्हणजे त्याच पिशवीचं धाकटं भावंड.

सुरुवात करणाऱ्याला वाटतं की सगळी करामत यंत्राची आहे. माझा अनुभव वेगळा आहे. यंत्र फक्त फिरतं. दगड चांगले निघतात ते दोन कामांमुळे, आणि ती दोन्ही आपल्या स्वयंपाकघरात रोज होतात: निवडणं आणि धुणं. तांदळात एक खडा राहिला तर पूर्ण घास फुकट जातो, तसंच इथेही आहे. म्हणून या लेखात यंत्राबद्दल थोडं आणि त्या दोन कामांबद्दल जास्त लिहितो आहे.

आधी दगड, मग मशीन

आपण महाराष्ट्रात राहणारे या बाबतीत भाग्यवान आहोत. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास इथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले आणि त्यांचा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, झाला. थंड होताना त्या लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकले होते. पुढे त्या पोकळ्यांत जमिनीतलं पाणी झिरपत राहिलं आणि त्यात विरघळलेली सिलिका थरांवर थर बसत गेली. तोच आपला अकीक, तीच गारगोटी. वरचा काळा दगड हवा-पाण्याने कुजून माती होतो, गारगोटी मात्र कुजत नाही. म्हणून ती काळ्या रानात सुटी सापडते आणि नदीच्या वाळवंटात साचते. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहिलेल्या टिपणात पैठणहून गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाणाऱ्या अशाच रंगीत दगडांचा उल्लेख आहे. गोदावरीकाठची ही चीज तेव्हाही जगाला हवी होती.

टंबलरसाठी दगड निवडताना कठीणपणा हा पहिला निकष. फ्रिडरिश मोहस या खनिजशास्त्रज्ञाने 1812 साली कठीणपणाची 1 ते 10 अशी उतरंड मांडली. सर्वांत मऊ शंखजिरं 1 वर, हिरा 10 वर. आपल्याला हवेत 7 च्या आसपासचे दगड. अकीक, स्फटिक, जास्पर, हिरव्या शेवाळासारख्या नक्षीचा मॉस अकीक हे सगळे त्याच घरातले आहेत. घरी तपासायला चाकू पुरतो. स्टीलच्या चाकूचं टोक दगडावर दाबून ओढा. दगडावर ओरखडा पडला तर दगड मऊ, तो बाजूला ठेवा. ओरखड्याऐवजी राखाडी चकचकीत रेघ उमटली आणि ती बोटाने पुसली गेली, तर ते चाकूचं लोखंड आहे. तो दगड घ्या.

एका खेपेत एकाच कठीणपणाचे दगड असले पाहिजेत, हा नियम मोडू नका. मऊ दगड कठीण दगडांबरोबर टाकला तर तो झिजून त्याचा चिखल होतो.

त्यानंतर प्रत्येक दगड पाण्यात बुडवून उन्हाकडे धरा. ओला असताना जो देखणा दिसत नाही, तो महिन्याभरानेही देखणा होणार नाही. भेगा शोधा. दगड वाळायला ठेवला की भेगेत पाणी मागे राहतं आणि तिथे काळी रेघ दिसते. माझ्या माहितीत भेग ओळखण्याची याहून चांगली युक्ती नाही. अशी रेघ असलेला दगड आधीच हातोडीने फोडा आणि त्याचे घट्ट तुकडे वापरा. फोडताना दगड जाड फडक्यात गुंडाळा आणि डोळ्यांना चष्मा लावा, कारण अकीकाची कपची काचेसारखी धारदार असते. जो दगड अर्धा गारगोटी आणि अर्धा कुजका काळा पाषाण आहे, ज्याच्या पोटात खोल भोकं आहेत, तो घेऊ नका. त्या भोकांत पूड अडकते आणि चार आठवड्यांनी नको तेव्हा बाहेर पडते.

आकार मिसळता हवा. दीड किलोच्या डब्यासाठी लिंबाएवढे दोन-तीन, सुपारीएवढे बरेच आणि हरभऱ्याएवढे मूठ-दोन मुठी. सगळे मोठे घेतले तर ते नीट घासले जात नाहीत, नुसते आदळतात. लहान दगड मोठ्यांच्या मधल्या जागेत शिरून घासण्याचं काम करतात.

आता काय घ्यायचं नाही ते. कोकणातला जांभा मऊ आणि सच्छिद्र, तो घेऊ नका. काळा पाषाण घोटला जातो, पण बहुधा मंद काळाच राहतो. पहिल्या खेपेत त्याच्यावर महिना घालवू नये असं मला वाटतं. आणि खाणीत किंवा विहिरीच्या खोदकामात दगडाच्या पोकळीत पांढरे, पीच रंगाचे, हिरवट लखलखते स्फटिक दिसले, तर त्यांना टंबलरमध्ये टाकू नका. ते झिओलाइट किंवा अ‍ॅपोफिलाइट असण्याची शक्यता मोठी आहे. ते मऊ असतात, पापुद्र्यांनी सुटतात आणि दोन दिवसांत त्यांचा रवा होतो. जसे आहेत तसेच ते मौल्यवान आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हनसाइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. सिन्नरला गारगोटी नावाचं खनिजांचं संग्रहालय आहे. नाशिक-शिर्डीच्या वाटेवर असाल तर दगड गोळा करायला लागण्याआधी एकदा तिथे जाऊन या. कोणता स्फटिक तसाच ठेवायचा आणि कोणता दगड घोटायचा, हे तिथे डोळ्यांना समजतं.

उचलण्याची जागाही तितकीच महत्त्वाची. शेतात शिरण्याआधी शेतमालकाला विचारा. मला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही, उलट बांधावर रचलेला ढीगच दाखवला आहे. अभयारण्य, किल्ले, लेणी, लोणारचं सरोवर इथून खडाही उचलायचा नाही. धरणाखालच्या नदीपात्रात उतरणार असाल तर गावात पाणी सोडण्याची वेळ विचारून घ्या आणि भोंगा ऐकू आला तर पिशवी तिथेच टाकून वर या. आपल्याला हवेत चार-पाच किलो दगड. पोत्यांनी भरून नेणं म्हणजे गौण खनिजाचा व्यवहार, त्याला परवानगी लागते.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. प्रवरेकाठचं नेवासे, घोड नदीकाठचं इनामगाव अशा ठिकाणी डेक्कन कॉलेजच्या उत्खननांत गारगोटीच्या जातीच्या दगडाची लहान, सरळ, धारदार पाती निघाली आहेत. ती हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी केलेली हत्यारं आहेत. नदीकाठी बोटाएवढं लांब, दोन्ही कडा समांतर असलेलं पातं किंवा भोक पाडलेला मणी दिसला, तर तो डब्यात घालण्याचा दगड नाही. जागेवरच राहू द्या, फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. घोटलेल्या पात्यातून कोणालाच काही वाचता येणार नाही.

शहरात राहणाऱ्यांना, किंवा परदेशात असणाऱ्यांना, कच्चा दगड किलोवर विकत मिळतो. खंबायतचे व्यापारी अकीक आणि मॉस अकीक घरपोच पाठवतात. घेताना "टंबलिंगसाठी, न घोटलेला, भेगा नसलेला" असं स्पष्ट सांगा.

मशीन, पूड आणि बाकी सामान

नवशिक्याने गोल फिरणारं, म्हणजे रोटरी मशीन घ्यावं. थरथरणारं व्हायब्रेटरी मशीन जलद असतं, पण ते दगडाचा आकार गोल करत नाही आणि रोज लक्ष मागतं. डबा रबराचा किंवा आतून रबर लावलेला घ्या. कडक प्लास्टिकचा डबा स्वस्त असतो, पण त्याचा खडखडाट शेजाऱ्यांनाही ऐकू जातो आणि दगडांना मारही जास्त बसतो. दीड किलो क्षमतेचा डबा सुरुवातीला योग्य. त्याहून लहान डब्यात दगड पडायला उंचीच मिळत नाही, काम रेंगाळतं.

अमेरिकेतल्या मावशी-काकांकडून मशीन मागवण्याचा मोह अनेकांना होतो. तिथलं मशीन 110 व्होल्ट आणि 60 हर्ट्झचं असतं. आपल्या 230 व्होल्टच्या सॉकेटला थेट जोडलं तर मोटर जळते. ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतं, पण आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे मोटर थोडी मंद फिरते. शक्य असेल तर इथल्या विजेवर चालणारंच घ्या.

मशीन महिनाभर रात्रंदिवस चालणार, तेव्हा विजेची काळजी वाटणं साहजिक आहे. मशीनच्या पाटीवर वॉट लिहिलेले असतात. 40 वॉटची मोटर असेल तर दिवसाला जवळजवळ 1 युनिट धरा. मशीन कोरड्या जागी, फरशीवर जाड रबरी चटई टाकून ठेवा. आवाज कमी व्हावा म्हणून खोक्यात कोंडू नका. मोटरला हवा लागते, विशेषतः एप्रिल-मेमध्ये.

घासायची पूड म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. बाजारात जुनी माणसं तिला कार्बोरंडम म्हणतात. तिचा कठीणपणा 9 च्या वर आहे, म्हणून ती 7 च्या दगडाला सहज खाते. तिची जाडी नंबरावर मोजतात: नंबर जितका लहान तितकी पूड जाड. आपल्याला तीन लागतील: 80 नंबर, 220 नंबर आणि 600 नंबर. शेवटच्या चमकेसाठी चौथी पूड वेगळी, अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची बारीक पॉलिशिंग पावडर. मुंबईत नागदेवी स्ट्रीटसारख्या हत्यारांच्या बाजारात, किंवा कुठल्याही औद्योगिक शहरात ग्राइंडिंगचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. सुटी पूड घ्या, तेलातली पेस्ट नको. गॅरेजवाले व्हॉल्व्ह घासायला वापरतात ती पेस्ट इथे चालत नाही. मशीनबरोबर येणाऱ्या पुड्या एका खेपेपुरत्याच असतात.

सिरॅमिक मीडिया म्हणजे भाजलेल्या मातीचे लहान कठीण तुकडे. ते दगडांच्या मधली जागा भरतात आणि गादीचं काम करतात. कारखान्यांत लोखंडी सुट्या भागांच्या कडा मोडायला हेच वापरतात, त्यामुळे औद्योगिक वसाहतींच्या आसपास मिळतात. अर्धा-एक किलो घ्या. झिजत नाहीत तोवर वर्षानुवर्षं चालतात.

बाकी सगळं घरात असतं: दोन बादल्या, जुने टूथब्रश, एक चाळणी, टॉर्च. यासाठी काढलेले चमचे आणि चाळणी पुन्हा ओट्यावर जाता कामा नयेत.

पहिला आठवडा: आकार

या पायरीवर लोक सर्वांत जास्त घाई करतात आणि तीच पायरी सर्वांत जास्त वेळ मागते.

दगड धुऊन डब्यात भरा. डबा दोन तृतीयांश ते पाऊण भरला पाहिजे. कमी पडला तर सिरॅमिक घाला. अर्ध्या रिकाम्या डब्यात दगड घरंगळत नाहीत, वरून आपटतात आणि त्यांच्या कडांवर पांढरे चट्टे उठतात. काठोकाठ भरलेल्या डब्यात ते हलतच नाहीत.

80 नंबरची पूड मोठे 4 चमचे, सपाट. ही मापं दीड किलोच्या डब्याची आहेत, डबा वेगळा असेल तर त्या हिशेबात बदला. मग पाणी, वरचे दगड जेमतेम उघडे राहतील इतकंच. पाणी जास्त झालं तर पूड तळाला बसते आणि दगडाला चिकटत नाही. पूड ओतताना ती हवेत उडू देऊ नका; आधी दगड ओले करा, मग पूड घाला.

झाकण लावण्याआधी डब्याची कड आणि झाकणाची खाच बोटाने पुसून घ्या. तिथे पुडीचा एक कण राहिला तरी डबा गळतो. मशीन सुरू करा, दहा मिनिटं शेजारी बसा. सारखा, घसटत जाणारा आवाज आला तर ठीक. एकेक ठोका वेगळा ऐकू येत असेल तर डब्यात दगड कमी आहेत.

24 तासांनी मशीन थांबवून झाकण एकदा उघडा. काही दगडांतून वायू सुटतो आणि डबा फुगतो. वायू निघून गेला की झाकण पुन्हा बसवा. पुढचे दिवस काही करायचं नाही, मात्र रोज हात लावून मोटर फार तापत नाही ना ते पाहायचं. वीज गेली तर घाबरायचं कारण नाही. दोन-चार तासांपेक्षा जास्त वेळ गेली, तर डबा उचलून हाताने गोल हलवा, नाहीतर आतला गाळ तळाला घट्ट बसतो.

7 दिवसांनी डबा उघडला की आत राखाडी गाळ दिसेल. तो घट्ट कढीसारखा असला तर काम नीट झालं. पाण्यासारखा पातळ असेल तर दगड घासले गेलेले नाहीत, पिठल्यासारखा आळला असेल तर पुढच्या वेळी चमचाभर पाणी जास्त घाला. पूड आता संपलेली असते. सिलिकॉन कार्बाइडचे कण फुटत फुटत बारीक होतात, त्यामुळे आठवड्यानंतर तीच पूड फिरवण्यात अर्थ नाही.

दगड धुवा आणि एकेक हातात घेऊन पाहा. कोपरे गेले का? खड्डे राहिलेत का? नखाला लागणारी कड आहे का? पहिल्या आठवड्यात बहुतेक दगड तयार झालेले नसतात, आणि ते ठीकच आहे. तयार झालेले एका भांड्यात पाण्याखाली बाजूला ठेवा, उरलेल्यांत नवे दगड घाला, नवी पूड, नवं पाणी, पुन्हा 7 दिवस. माझ्याकडचे काही अकीक या पायरीवर चार-चार आठवडे फिरले आहेत. दगडाचं पाव ते तिसरा हिस्सा वजन इथेच झिजून जातं. पुढच्या तीन पायऱ्या आकार बदलत नाहीत, फक्त पृष्ठभाग गुळगुळीत करतात. इथे राहिलेला खड्डा शेवटी चमकणारा खड्डा होतो.

माझी पहिली खेप मी इथेच बिघडवली. सात दिवस झाले म्हणजे पायरी झाली असं समजून सगळे दगड पुढे ढकलले. महिन्याने ते चमकत होते, पण प्रत्येकाच्या खळग्यात राखाडी पूड कायमची बसली होती. तेव्हापासून मी तारखेकडे पाहत नाही, दगडाकडे पाहतो.

धुणं

आता या छंदाचा गाभा.

80 नंबरचा एक कण 600 नंबरच्या खेपेत गेला, तर तो आठवडाभर सगळ्या दगडांवर ओरखडे ओढत राहतो. तुम्हाला ते पॉलिश झाल्यावर दिसतं, म्हणजे तीन आठवडे वाया गेल्यावर. त्यामुळे प्रत्येक पायरीनंतर धुणं म्हणजे नुसतं पाणी ओतणं नव्हे.

डबा चाळणीवर ओता, खाली बादली. दगड दुसऱ्या बादलीतल्या पाण्यात खळबळा, पाणी बदला, पुन्हा खळबळा, पाणी नितळ येईपर्यंत. मग प्रत्येक दगड टूथब्रशने घासा, भेगा आणि खळगे सोडू नका. डब्याची आतली बाजू, झाकण, झाकणाची खाच, सगळं घासा. शेवटी दगड स्वच्छ पाण्यात अर्धा तास ठेवा आणि तळाशी वाळूसारखं काही बसतं का ते टॉर्चने पाहा. बसलं तर पुन्हा धुवा.

सिरॅमिकही धुवा, आणि प्रत्येक पायरीचं सिरॅमिक वेगळ्या डब्यात, वर नंबर लिहून ठेवा. पॉलिशसाठी दुसरा डबा घेता आला तर फारच उत्तम. मी एकच जादा खर्च सुचवेन, तो हा.

बादलीतला गाळ मोरीत, सिंकमध्ये, संडासात कुठेही ओतू नका. तो नळीच्या वाकणात जाऊन बसतो आणि सिमेंटसारखा घट्ट होतो. मग प्लंबरला नळीच कापावी लागते. बादली दोन दिवस तशीच ठेवा, वरचं नितळ पाणी झाडांना घाला, तळाचा गाळ ओला असतानाच कागदात गुंडाळून कचऱ्यात द्या. ओला असतानाच, हे मुद्दाम सांगतो. वाळलेल्या गाळाची धूळ सिलिकाची असते आणि ती फुप्फुसात जाऊन बसते. खंबायतच्या अकीक कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा जुना, जीवघेणा आजार आहे. कोरडा दगड घासताना उडालेल्या धुळीने तो होतो. बंद डब्यात पाण्याबरोबर काम करणं सुरक्षित आहे, ते तसंच ओलं राहू द्या. दगडावर कोरडी कापणी किंवा कोरडं ग्राइंडिंग घरात कधीही करू नका. गाळाच्या बादलीपासून लहान मुलांनाही लांब ठेवा.

दुसरा आणि तिसरा आठवडा

220 नंबर, मोठे 4 चमचे, पाणी तितकंच, 7 दिवस. धुणं. मग 600 नंबर, तसंच, 7 दिवस. धुणं.

इथे दोनच गोष्टी सांभाळायच्या. दगड झिजून डब्याची पातळी खाली आली असेल, ती सिरॅमिकने पुन्हा पाऊण करा. नवे कच्चे दगड आता घालायचे नाहीत. आणि प्रत्येक वेळी फुटलेला किंवा भेग उघडलेला दगड काढून टाका, कितीही आवडता असला तरी. तो पुढच्या पहिल्या पायरीत पुन्हा जाऊ शकतो. पारदर्शक स्फटिक असतील तर सिरॅमिक जरा जास्तच घाला, कारण त्यांच्या कडांना मार लवकर बसतो.

600 नंबरनंतर दगड धुऊन पूर्ण वाळवा आणि खिडकीशी तिरपा धरा. साटिनच्या कापडासारखी मंद, सगळीकडे सारखी झळाळी दिसायला हवी. एखादाच भाग खरबरीत असेल, रेघा दिसत असतील, तर 600 चा आणखी एक आठवडा द्या. मंद दगडाला पॉलिश पावडर चमकवेल या आशेवर पुढे जाऊ नका, ती चमकवत नाही.

पॉलिशच्या आधी साबणाची एक फेरी द्यावी. साधा अंगाचा साबण किसून मोठा चमचाभर, किंवा तेवढाच टाकणखार, पाणी दगड बुडतील इतकं, आणि मशीन एक दिवस. खळग्यात लपलेला 600 चा शेवटचा कण इथे सुटतो.

पॉलिश

अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड मोठे 4 चमचे, दगड, स्वच्छ सिरॅमिक, पाणी. 7 दिवस. डब्यात दगड हळुवार पडायला हवेत, म्हणून इथे सिरॅमिकचा हात सैल ठेवा. काच आणि भिंगं घासणारे सिरियम ऑक्साइड वापरतात, तेही अकीकावर चांगलं चालतं. पण पहिल्या खेपेला एकच पूड नीट समजून घ्या.

आठव्या दिवशी दोन दगड काढा, धुवा, कोरडे करा. ट्यूबलाइटखाली धरा. नळीची कड दगडात रेखीव दिसली तर काम झालं. कड धूसर असेल तर आणखी दोन-तीन दिवस फिरवा. कोरडा दगड आणि ओला दगड शेजारी ठेवून फरक उरला नसेल, तर थांबायला हरकत नाही. शेवटी साबण किंवा टाकणखाराची आणखी एक फेरी, काही तास, आणि मऊ कापडाने पुसणं.

बिघडलं तर

सगळ्याच दगडांवर बारीक रेघा असतील, तर जाड पुडीचा कण शिरला आहे. 600 वर परत जा, आणि त्याआधी डबा पुन्हा घासा. कडांवर पांढरे चंद्रकोरीसारखे ठिपके असतील तर डबा रिकामा होता किंवा सिरॅमिक कमी होतं; यासाठी 220 पर्यंत मागे जावं लागतं. चमक मंद पण सारखी असेल, तर बहुधा तिसऱ्या पायरीवर घाई झाली. एकच दगड मंद आणि बाकी चमकते असतील, तर तो दगड मऊ जातीचा आहे, त्याला पुढच्या वेळी घेऊ नका.

डबा फिरायचा थांबला तर आधी पट्टा पाहा, तो सैल होतो. मग डब्याची बाहेरची बाजू आणि ज्या दांड्यावर तो फिरतो तो दांडा. तिथे पाणी किंवा तेल लागलं असेल तर डबा घसरतो. बेअरिंगला महिन्याने तेलाचा एक थेंब पुरतो. मोटर उघडून पाहण्याआधी प्लग काढलेला आहे याची खात्री करा.

एक वही ठेवा. तारीख, दगड कुठला, किती वजन, कोणती पूड, किती दिवस, उघडल्यावर गाळ कसा होता. दुसऱ्या खेपेपासून त्या वहीचा उपयोग होतो. प्रत्येक जागेचा एक दगड न घोटता, जसा मिळाला तसा, चिठ्ठी लावून ठेवा. पाहुणे घोटलेला दगड हातात घेऊन हमखास विचारतात की हा मुळात कसा दिसत होता. तेव्हा दोन्ही शेजारी ठेवता येतात. आणि डबा धुऊन उपडा घालण्याआधी पहिल्या पायरीवर मागे राहिलेले ते चार-पाच हट्टी अकीक विसरू नका. ते अजून पाण्याखाली आहेत, त्यांना 80 नंबर हवा आहे.